मॅनिफेस्ट फाइल काय सांगते, आणि काय सांगत नाही

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या पाच दिवसांच्या नोंदी गेल्या. पळस, पांगारा आणि काटेसावर कुठे, कधी फुलायला लागतात हे टिपण्यासाठी मी एक छोटं अॅप बनवलं होतं. वेगवेगळ्या कॉलेजांतली मुलं मोबाइलवरून झाड, ठिकाण, तारीख, फुलोऱ्याचा अंदाज आणि एखादा फोटो भरायची. अॅप एका भाड्याच्या क्लाउड प्लॅटफॉर्मवर चालत होतं. सहाव्या दिवशी सकाळी उघडलं, तर तक्ता रिकामा. एरर नाही, इशारा नाही. अॅप व्यवस्थित चालू होतं, फक्त आत काहीच नव्हतं.

गाइड मॅडमना सांगितलं तर त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मॅनिफेस्ट उघड आणि मला ओळ न् ओळ वाचून दाखव." मी वाचली. जेमतेम नऊ ओळी. एकही ओळ चुकीची नव्हती. मग त्यांनी विचारलं, "डेटा कुठे राहतो हे यात कुठे लिहिलंय?" कुठेच नव्हतं. पळस पुन्हा फुलायला वर्ष लागणार होतं.

या पोस्टमध्ये मॅनिफेस्ट फाइल कशी लिहायची ते शिकवणार नाही. त्यासाठी प्रत्येक प्लॅटफॉर्मची कागदपत्रं आहेत आणि ती बरी असतात. मला या फाइलकडे एक लेखनप्रकार म्हणून बघायचंय, जसं आपण एखाद्या पेपरचं 'साहित्य आणि पद्धती' हे प्रकरण चिकित्सेने वाचतो तसं. कारण आता पीएचडी करणारी कितीतरी मुलं कुठल्याही शाखेची असली तरी एखादं अॅप, डॅशबोर्ड किंवा कॅल्क्युलेटर क्लाउडवर चढवतात आणि त्याची लिंक पेपरमध्ये देतात. त्या लिंकमागे काय आहे याचा बहुतेक वेळा एकमेव लेखी पुरावा म्हणजे ही फाइल.

मुळात ही फाइल कशासाठी

मॅनिफेस्ट हा शब्द जहाजावरचा. बोटीवर कुठला माल, किती, कोणासाठी चढवला याची यादी. आपल्याकडे ट्रकबरोबर बिल्टी असते, तोच प्रकार. क्लाउडवर अॅप पाठवताना आपण प्लॅटफॉर्मला अशीच बिल्टी देतो: अॅपचं नाव हे, मेमरी एवढी लागेल, इतक्या प्रती चालवा, या पत्त्यावर दाखवा, सुरू करायची कमांड ही.

यातली मूळ कल्पना खरोखर चांगली आहे. कसं करायचं ते सांगायचं नाही, काय हवंय ते सांगायचं. सर्व्हरवर लॉगिन करून हाताने चाळीस कमांड मारल्या तर त्या पंधरा दिवसांत विसरल्या जातात. फाइल राहते. ती गिटमध्ये ठेवता येते, जुनी-नवी ताडून बघता येते, ज्युनियरच्या हातात देता येते. संशोधनात आपण ज्याला 'दुसऱ्याला पुन्हा करून बघता येणं' म्हणतो, त्या दिशेने हे मोठं पाऊल आहे. हे श्रेय आधी द्यायला हवं, कारण पुढे मी बऱ्याच तक्रारी करणार आहे.

एक नमुना वाचूया

माझी त्या वेळची फाइल बाजूला ठेवू. इथे क्लाउड फाउंड्रीच्या पद्धतीचा नमुना घेते. हा प्लॅटफॉर्म मुक्तस्रोत आहे, 2011 मध्ये व्हीएमवेअरमधून बाहेर आला, 2015 पासून त्याचं स्वतंत्र फाउंडेशन आहे, आणि अमेरिकी सरकारच्या क्लाउड डॉट गव्हपासून एसएपीपर्यंत बरेच जण तो वापरतात. प्रत्यक्ष फाइल वायएमएल या मांडणीत आणि रोमन अक्षरांत असते. मी ती देवनागरीत देतेय:

अॅप्लिकेशन्स:
- नेम: पळस-नोंद
  मेमरी: 512 एम
  डिस्क कोटा: 1 जी
  इन्स्टन्सेस: 1
  कमांड: पायथॉन अॅप डॉट पीवाय
  सर्व्हिसेस:
  - पळस-डीबी

ही फाइल चालेल. खरं तर यातल्या बहुतेक ओळी काढल्या आणि नुसतं नाव ठेवलं तरी बऱ्याचदा अॅप उभं राहतं. माझी पहिली तक्रार इथेच आहे. जी गोष्ट तुम्ही लिहीत नाही ती 'नाही' होत नाही, ती प्लॅटफॉर्म ठरवतो. म्हणजे फाइल जितकी सुटसुटीत, तितके तुमच्या नकळत घेतलेले निर्णय जास्त.

आता एकेक ओळ.

मेमरी. 512 हा आकडा कुठून आला? बहुतेक वेळा कुठल्यातरी ट्युटोरियलमधून. अॅपने यापेक्षा जास्त मेमरी मागितली तर प्लॅटफॉर्म त्याचा कंटेनर मारतो आणि नवा उभा करतो. बाहेरून पाहणाऱ्याला क्षणभर पान अडकल्यासारखं वाटतं, मग पुन्हा सुरळीत. आमच्याकडे हेच झालं होतं. कोणीतरी एकदम पुष्कळ मोठे फोटो चढवले, ते लहान करताना मेमरी संपली, अॅप मेलं आणि पुन्हा जन्मलं. प्रयोगशाळेत आपण '5 मिली द्रावण घेतलं' असं लिहितो तेव्हा परीक्षक विचारतो, पाचच का? मेमरीच्या आकड्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि फाइलमध्ये उत्तर द्यायला जागाही नाही.

डिस्क कोटा. माझ्या मते या अख्ख्या फाइलमधला सगळ्यात फसवा शब्द. '1 जी' वाचलं की आपल्याला वाटतं, एक जीबी जागा माझी झाली. पेनड्राइव्हसारखी. पण ही जागा त्या कंटेनरपुरती आणि त्याच्या आयुष्यापुरतीच आहे. कंटेनर गेला की त्यातल्या फाइली गेल्या. मेमरी संपली म्हणून जाऊ शकतो, तुम्ही नवा कोड चढवला म्हणून जातो, किंवा खालच्या यंत्रांची डागडुजी चालू असताना प्लॅटफॉर्म तुमचं अॅप दुसऱ्या यंत्रावर हलवतो म्हणूनही जातो. एसक्यूलाइटची फाइल अॅपच्याच फोल्डरमध्ये ठेवणाऱ्याला यातलं काही कळत नाही, कारण लिहिताना सगळं यशस्वी होतं. लॉजच्या खोलीतल्या कपाटात सामान ठेवावं आणि त्याला घर समजावं, तसं.

कागदपत्रांत हे लिहिलेलं नाही असं नाही. लिहिलेलं आहे. शिवाय हीरोकूच्या मंडळींनी 2011 च्या सुमारास मांडलेल्या 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अॅप' या बारा तत्त्वांतही स्पष्ट आहे की चालू प्रक्रियेने स्वतःजवळ काही साठवून ठेवू नये, टिकवायचं ते बाहेरच्या डेटाबेसमध्ये द्यावं. प्लॅटफॉर्मच्या बाजूने पाहिलं तर हे शहाणपणाचं आहे. अॅप फेकून देण्यासारखं असलं तरच ते हवं तेव्हा, हवं तिथे पुन्हा उभं करता येतं. माझी तक्रार धोरणाबद्दल नाही, शब्दाबद्दल आहे. त्या ओळीचं नाव 'तात्पुरती डिस्क' असतं तर माझ्यासारखे कितीतरी जण वेळीच थांबले असते.

इथे गूगलच्या अॅप इंजिनशी तुलना करून बघा. त्याच्या नव्या स्टँडर्ड रनटाइममध्ये फाइल सिस्टिम फक्त वाचण्यापुरती असते. लिहायला एक टेम्प फोल्डर मिळतो, तोही मेमरीतच. म्हणजे अॅपच्या फोल्डरमध्ये डेटाबेसची फाइल लिहायला गेलात तर पहिल्याच दिवशी एरर येते. तेव्हा वैताग येतो, पण तो वैताग पाच मिनिटांचा असतो. संशोधनाच्या साधनाने चूक केल्या केल्या ओरडावं. पाचव्या दिवसापर्यंत गोड वागणारं साधन जास्त महाग पडतं.

सर्व्हिसेस. इथे 'पळस-डीबी' असं फक्त नाव आहे. तो डेटाबेस कुठल्या प्रकारचा, कुठली आवृत्ती, किती मोठा, त्याचा बॅकअप आहे का, काहीच नाही. आणि ही ओळ तो डेटाबेस तयार करत नाही. आधीच तयार असलेला जोडते. तुमची फाइल घेऊन दुसऱ्या विद्यापीठातल्या कोणी स्वतःच्या खात्यावर अॅप चढवायला घेतलं, तर त्याला इथेच अडायला होणार. बिल्टीवर 'पेटी, 1 नग' लिहिलंय, पेटी तुमच्याच गोदामात आहे.

हीरोकूची अॅप डॉट जेसन ही फाइल या बाबतीत जास्त उदार आहे. त्यात अॅडऑन लिहिले की नवीन अॅप उभं करताना तेही तयार होतात. शिवाय प्रत्येक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला वर्णन लिहायची स्वतंत्र जागा आहे: हे काय आहे, सक्तीचं आहे का, की गुप्त किल्ली आपोआप बनवायची आहे. म्हणजे वाचणारा माणूस असेल हे ती फाइल गृहीत धरते. पण तिची मांडणी जेसनमध्ये आहे आणि जेसनमध्ये कॉमेंट लिहिता येत नाही. वायएमएलमध्ये येते. हा फरक लक्षात ठेवा, शेवटी कामाला येईल.

न लिहिलेल्या ओळी

आता त्या नमुन्यात जे नाही ते पाहू.

स्टॅक नाही. स्टॅक म्हणजे अॅपखालची ऑपरेटिंग सिस्टिम. क्लाउड फाउंड्रीत सीएफलिनक्सएफएस3 हा स्टॅक उबुंटू 18.04 वर आधारलेला होता, सीएफलिनक्सएफएस4 हा 22.04 वर. ओळ लिहिली नाही तर नव्या अॅपला प्लॅटफॉर्मचा त्या दिवशीचा नेहमीचा स्टॅक मिळतो. तुम्ही पहिल्या वर्षी अॅप चढवलंत आणि व्हायवाच्या आधी नव्या खात्यावर तीच फाइल वापरलीत, तर फाइल तीच आणि जमीन वेगळी.

बिल्डपॅक नाही. मग प्लॅटफॉर्म फोल्डरमध्ये डोकावून ओळखतो की हे पायथॉनचं आहे, आणि पायथॉनची आवृत्ती कुठेच सांगितली नसेल तर बिल्डपॅकची त्या वेळची ठरलेली आवृत्ती घेतो. अॅप इंजिनमध्ये 'रनटाइम' ही ओळ सक्तीची आहे. लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. कुठला प्लॅटफॉर्म 'चांगला' हा वाद मला घालायचा नाही. पण कुठलाही मॅनिफेस्ट प्रकार तपासताना मी आता हा प्रश्न विचारते: ही फाइल मला काय सांगायला भाग पाडते? ज्या गोष्टी सक्तीच्या असतात त्याच बहुतेक लोक लिहितात, आणि त्याच पाच वर्षांनी सापडतात. या कसोटीवर क्लाउड फाउंड्रीचा मॅनिफेस्ट वापरायला सोपा आणि संशोधनासाठी कच्चा आहे.

हेल्थ चेकही नाही. तो लिहिला नाही तर प्लॅटफॉर्म फक्त एवढंच बघतो की अॅपचा पोर्ट उघडा आहे. दार उघडं आहे म्हणजे दुकान चालू आहे, असा हा हिशोब. तुमच्या अॅपला डेटाबेस सापडत नसेल, मॉडेल लोड झालं नसेल, तरी पोर्ट उघडा असू शकतो आणि प्लॅटफॉर्मच्या लेखी सगळं आलबेल. एचटीटीपी प्रकारचा चेक लिहिला तर प्लॅटफॉर्म तुम्ही दिलेला पत्ता उघडून बघतो आणि 200 उत्तराची वाट पाहतो. त्या पत्त्यामागे डेटाबेसमधली एक नोंद वाचून बघणारा चार ओळींचा कोड ठेवा. रिकामा तक्ता मला सहाव्या दिवशी डोळ्यांनी दिसला, तो पहिल्याच तासात कळला असता.

मांडणीतले काटे

वायएमएलबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून बरेच जण फसतात. पायथॉनची आवृत्ती 3.10 अशी अवतरणचिन्हांशिवाय लिहिली तर वायएमएल तिला दशांश संख्या समजतं, आणि 3.10 म्हणजे 3.1. दोन वेगळ्याच आवृत्त्या. देशांचे दोन अक्षरी कोड लिहिताना नॉर्वेचा 'एन-ओ' हा कोड वायएमएल 1.1 पाळणाऱ्या साधनांत 'नाही', म्हणजे फॉल्स, होतो. 2009 च्या 1.2 आवृत्तीने हे सुधारलं, पण जुन्या नियमाने वाचणारी साधनं अजून आहेत. उपाय साधा आहे: शंका असेल तिथे अवतरणचिन्हं. पण मुद्दा त्याच्या पुढचा आहे. दिसायला साधी भाषा म्हणजे अर्थाला साधी भाषा नव्हे.

दुसरा काटा पासवर्डचा. एन्व्ह या भागात डेटाबेसचा पासवर्ड लिहून फाइल गिटहबवर टाकलेली रिपॉझिटरी मी पाहिली आहे. नंतर ओळ खोडली तरी गिटच्या इतिहासात ती राहते. क्लाउड फाउंड्रीत दुहेरी कंसात नाव लिहून खरी किंमत वेगळ्या फाइलमधून देता येते. ती वेगळी फाइल गिटमध्ये घालायची नाही. एवढं केलं की मॅनिफेस्ट बिनधास्त जगाला दाखवता येतो, आणि संशोधनात तो दाखवता यायलाच हवा.

फाइल आणि वास्तव

आता माझा सगळ्यात गंभीर आक्षेप. मॅनिफेस्ट सांगतो की अॅप चढवताना तुम्हाला काय हवं होतं. आज काय चालू आहे ते तो सांगत नाही. मध्यरात्री अॅप धापा टाकायला लागलं की आपण काय करतो? स्केल कमांड मारून मेमरी वाढवतो. एखादं व्हेरिएबल कमांडनेच बदलतो. ते तिथे लागू होतं, फाइलमध्ये उतरत नाही. महिन्याभराने पेपर लिहिताना आपण फाइल उघडतो आणि 512 लिहितो. प्रत्यक्षात निष्कर्ष 1 जीबीवर निघालेले असतात. पुढे कधी जुनी फाइल वापरून पुन्हा पुश केलं की मेमरी निमूटपणे 512 वर येते, आणि आपण 'काल तर चालत होतं' म्हणत बसतो.

चालू अॅपवरून मॅनिफेस्ट बनवून देणारी कमांड क्लाउड फाउंड्रीत आहे. ती अधूनमधून चालवून आपल्या फाइलशी ताडून बघा. फरक दिसला तर घाबरू नका. तो फरक म्हणजेच तुमच्या प्रयोगवहीत राहून गेलेली नोंद.

आणि एक गोष्ट कुठल्याच मॅनिफेस्टमध्ये नसते: हे अॅप किती दिवस जगणार, आणि पैसे कोण भरणार. हीरोकूने 28 नोव्हेंबर 2022 पासून मोफत योजना बंद केल्या. फुकट चालणाऱ्या अॅपची लिंक पेपरमध्ये देऊन निश्चिंत झालेल्यांच्या मॅनिफेस्टमध्ये त्या दिवशी एक अक्षरही बदललं नव्हतं. कंपनीने बिल थांबवू नये ही अपेक्षा चुकीची आहे. पण फेलोशिप संपल्यावर ते बिल कोणाच्या खिशातून जाणार, हा प्रश्न सिनॉप्सिस लिहितानाच विचारायला हवा.

मग करायचं काय

मॅनिफेस्ट टाकून द्या असं मी म्हणत नाहीये. फक्त त्याला 'पद्धती' प्रकरण समजू नका. बिल्टी ही बिल्टीच. प्रवासाची वही वेगळी लागते. सुदैवाने वायएमएलमध्ये कॉमेंट लिहिता येते, म्हणजे वही त्याच कागदावर ठेवता येते. मेमरीच्या आकड्यावर लिहा की तो कुठल्या तारखेला, किती जण अॅप वापरत असताना मोजला. डिस्कच्या ओळीवर 'तात्पुरती, इथे काही ठेवू नये' असं सरळ लिहा. सर्व्हिसच्या नावापुढे डेटाबेसचा प्रकार, आवृत्ती आणि बॅकअप कुठे जातो ते लिहा. स्टॅक, बिल्डपॅक आणि पायथॉनची आवृत्ती सक्तीची नसली तरी स्वतःवर सक्ती करा. आणि पेपर पाठवताना कोड, मॅनिफेस्ट आणि नमुना डेटा झेनोडोसारख्या ठिकाणी ठेवून त्याचा डीओआय द्या, नुसती चालू अॅपची लिंक नको. अॅप मेलं तरी रिव्ह्यूअरला काहीतरी हाताशी लागलं पाहिजे.

एक परीक्षा सुचवते. तुमची फाइल अशा मैत्रिणीला द्या जिने तुमचं अॅप कधी पाहिलेलं नाही. तिला दोनच प्रश्न विचारा: माझा डेटा कुठे राहतो? आणि अॅप आत्ता बंद पडून सुरू झालं तर काय जाईल? तिला फाइल वाचून उत्तरं देता आली नाहीत, तर ती तुमच्या रिव्ह्यूअरलाही देता येणार नाहीत.

माझी नऊ ओळींची फाइल आता एकतीस ओळींची झाली आहे. निम्म्याहून जास्त कॉमेंटच आहेत. या वर्षी पळसाच्या नोंदी वेगळ्या डेटाबेसमध्ये गेल्या आणि रोज रात्री त्यांची एक प्रत विभागातल्या कॉम्प्युटरवर उतरली. गेल्या वर्षीच्या त्या पाच दिवसांचं मात्र काही करता येत नाही. थिसिसच्या तक्त्यात ते पाच रकाने रिकामेच राहतील, आणि खाली कारण लिहिलेलं असेल. मॅडम म्हणाल्या, "अंदाजाने भरू नकोस हं." नाही भरणार.